न उघडलेलं झाकण

आमच्या वायरमनने मला फसवलं. अर्थिंगचा खड्डा म्हणून त्याने माझ्या अंगणात नुसतं सिमेंटचं झाकण बसवलं आणि खाली काही पुरलंच नाही. आमच्या इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवायला आलेल्या माणसाने ते झाकण न उचलताच ‘अर्थिंग तपासले’ या ओळीपुढे सही ठोकली. म्हणजे त्यानेही फसवलं. त्या दोघांच्या भरवशावर माझी बायको सात महिने रोज सकाळी, अनवाणी, ओल्या हाताने त्या गाडीचं दार उघडत राहिली. ती धडधाकट आहे म्हणून मी हे लिहितोय. नाहीतर मी लिहीत बसलो नसतो.

बसून लिहायची मला सवयही नाही. चार ओळी झाल्या की उठतो, अंगणात जातो, गाडीला एक फेरी मारतो, परत येतो. बायको म्हणते, “आवो, एका जागी ऱ्हावा की.” ते होत नाही. त्या झाकणाची जागा दिसली की डोकं फिरतं.

माझा धंदा गवताचा. लहानपणी कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांकडच्या उतारांवर आईबापांबरोबर गवत कापलं, डोक्यावर भारे वाहिले. आज खालापूर तालुक्यात माझी स्वतःची वखार आहे आणि कळंबजवळ स्वतःचं घर. मुंबईच्या तबेल्यांना माझं गवत जातं. कोणी हाताला धरून वर आणलं नाही. जे मिळवलं ते भाव करून मिळवलं.

गवत वजनावर जातं आणि वजन वाढवायला पाणी पुरतं. गठ्ठा बाहेरून वाळलेला, पिवळाधमक दिसतो आणि पोटात ओला असतो. म्हणून कोपरापर्यंत हात आत घातल्याशिवाय मी भाव बोलत नाही. माझ्या उजव्या हाताची कातडी कुसळांनी खरखरीत झाली आहे. विकणारे शपथा घेतात, देवाची नावं घेतात. मी ऐकून घेतो आणि हात घालतो. आयुष्यभर मी हेच केलं आणि माझ्या स्वतःच्या अंगणात मात्र केलं नाही.

गेल्या दसऱ्याला इलेक्ट्रिक गाडी घेतली. कळंबहून कर्जत, कर्जतहून चौक, पुढे वखार, आणि संध्याकाळी तेच उलटं. डिझेल जाळून जीव मेटाकुटीला आला होता. शोरूममध्ये बसून मी तीन तास भाव केला, पायपुसण्या मिळवल्या, कव्हर मिळवलं आणि घरी चार्जर बसवून देण्याचं वेगळं काही घ्यायचं नाही हेही कबूल करून घेतलं. त्या दिवशी मी खुशीत होतो.

चार्जर बसवायला जो माणूस आला त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं, खांद्याला बॅग. मी त्याला ‘साहेब’ म्हणालो. त्याने पडवीच्या भिंतीवर डबा ठोकला, बटण चालू केलं आणि डब्यावर लाल दिवा लागला. म्हणाला, “तुमच्या घराला अर्थिंगच नाही. गाडीच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट हवी, नाहीतर ती माणसातून जाणार. खड्डा करून घ्या. मी परवा येतो.”

आमच्या घराची वायरिंग गावातल्याच वायरमनने केलेली. त्याला बोलावलं. तो म्हणाला, पुरुषभर खोल खड्डा, त्यात तांब्याची पाटी, कोळसा आणि मिठाचे थर, वर पाणी ओतायला पाइप, त्यावर झाकण. त्याने किंमत सांगितली आणि मी हसलो. मग आमचं सुरू झालं. मी पाडत गेलो, तो उतरत गेला. शेवटी तो गप्प झाला, बिडी विझवली आणि म्हणाला, “बरं शेठ. तुमच्या भावात बसवतो.” मला वाटलं, जिंकलो. समोरचा असा एकदम गप्प होतो तेव्हा तो माल कुठून कापायचा याचा विचार करत असतो, हे मला गवतात कळतं. विजेत कळलं नाही.

घराच्या बोर्डात ईएलसीबी बसवायचं पण तो म्हणाला होता. कुठे गळती झाली की आपोआप पडणारा स्विच. शेजारच्या बंगल्यात तो पावसाळ्यात सारखा पडतो, माणसं वैतागतात, म्हणून मी नको म्हणालो. हे माझं. हे मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खड्डा झालेला नव्हता. मी वखारीवर होतो, दोन ट्रक खोळंबले होते, डोकं तापलेलं. फोन लावला आणि वायरमनला झापलं, “मला आज संध्याकाळपर्यंत हिरवा दिवा पाहिजे. कसा, ते मला सांगू नकोस.”

संध्याकाळी घरी आलो तर अंगणाच्या कोपऱ्यात नवंकोरं झाकण आणि डब्यावर हिरवा दिवा.

ठरल्याप्रमाणे साहेब आले. सॉकेटमध्ये तीन दिव्यांचा टेस्टर खुपसला, दिवे बरोबर लागले. झाकणाचा फोटो काढला. वरून. मग कागद काढला, ‘अर्थिंग तपासले’ पुढे सही केली, चहा घेतला आणि गेले.

आता बायकोचं सांगतो. नवीन गाडीला दसऱ्याला हार घालतात, कुंकू लावतात आणि बाकीची माणसं तिथे थांबतात. हिने ते रोजचं केलं. सकाळी सातला आंघोळ, तुळशीला पाणी, आणि त्याच ओल्या हाताने गाडीचं दार उघडून आतल्या गणपतीला जास्वंदीचं फूल. देवाचं काम म्हणून पायात चप्पल नाही. आमच्याकडे संध्याकाळी विजेचा दाब कमी असतो, त्यामुळे गाडी मी पहाटे चार्जिंगला लावायचो आणि आठला काढायचो. मी बूट घालूनच गाडीपाशी जातो. आमच्या घरात त्या गाडीला अनवाणी हात लावणारं माणूस एकच होतं, आणि तेही नेमकं चार्जिंग चालू असताना.

दिवाळी झाली आणि ती म्हणाली, “आवो, गाडीला मुंग्या येतात.”

“गाडीला कशा येतील गं? तुला येत असतील.”

“मलाच. ते दार जिथं अडकतं ना, ती लोखंडी कडी बोटाला लागली की झिणझिण करतंय. पार कोपरापातूर.”

“शुगर आहे तुला. हातापायांना मुंग्या येणारच.”

“शुगर काय शनवार-आइतवार बघून येती? त्या दोन दिवशी लय येतात.”

“शनिवार-रविवार तू श्रीखंड चापतेस म्हणून.”

मी हसलो. ती हसली नाही. शनिवार-रविवारच का, हा प्रश्न तिने तेव्हाच विचारला होता. सगळं त्याच्यात होतं. मी तो श्रीखंडात घालवला.

तपासलं नाही असं नाही. मंगळवारी दुपारी जाऊन मी ती कडी धरली. पायात बूट, हात कोरडा, गाडी चार्जिंगला नाही. “बघ,” म्हणालो, “काही नाही.” ती म्हणाली, “तुमाला कसं लागंल?” आणि आत गेली. मला वाटलं चिडली. ती मला कारण सांगत होती.

मग तिला घेऊन कर्जतला डॉक्टरांकडे गेलो. बोललो मीच. हिच्या हाताला मुंग्या येतात, म्हणालो. गाडीचं सांगितलं नाही. गाडीला हात लावला की येतात हे सांगायची मला लाज वाटली, डॉक्टर काय म्हणतील. ती तोंड उघडायला लागली तर मी म्हणालो, “चल, बाहेर माणसं थांबलीत.” डॉक्टरांनी गोळी वाढवली. जे सांगितलं त्यावर त्यांनी बरोबर केलं.

वाढलेल्या गोळीने तिला चक्कर यायला लागली. एकदा तुळशीपाशी बसूनच राहिली, घामाने पदर भिजलेला, ओठ थरथरत होते. मी तोंडात साखर घातली तेव्हा दहा मिनिटांनी बोलली. मुंग्या मात्र होत्या तिथेच होत्या. नंतर तिने मुंग्यांचं नाव काढणंच सोडलं. मी समजलो, गोळी लागू पडली.

मे महिन्यात एका गुरुवारी पहाटे वखारीवरून फोन आला. एका थप्पीतून वाफ निघत होती. ओलं गवत दाबून रचलं की आतल्या आत तापतं आणि वेळेवर उपसलं नाही तर पेट घेतं. त्या आठवड्यात मी तापाने पडून होतो, गठ्ठ्यांत हात घातला नव्हता, आणि एकाने मला ओला माल चढवला होता. मी गाडी चार्जिंगला न लावता तसाच निघालो. वाटेभर त्या माणसाला शिव्या घालत गेलो.

सातच्या सुमाराला आमच्याकडे वळवाचा वारा सुटला. बायकोचा फोन आला. “आवो, घरातले बल्ब पांढरेफटक झालेत, पंखा सुटल्यागत फिरतोय. शेजारणीचा मिक्सर जळला. आपली विहिरीची मोटार बी गेली वाटतं, वास येतोय.”

“मेन स्विच पाड!”

“पाडला कवाच.”

खांबावरची न्यूट्रलची तार निखळली होती. वीज घरात एका तारेने येते आणि न्यूट्रलने परत जाते. परतीची तार सुटली की कुठल्या घरात दाब कमी, कुठल्या घरात दुप्पट. लाइनमन आले, तार जोडली, विषय संपला. मोटार जळल्याची चिडचिड तेवढी राहिली.

कर्जतच्या बाजारात जळलेल्या मोटारींची वाइंडिंग पुन्हा बांधणारे एक चाचा आहेत. वीस वर्षं माझ्या मोटारी तेच बांधतात आणि वीस वर्षं आमची दर वेळी भांडाभांडी होते. ते किंमत सांगतात, मी निघून जातो, ते हाक मारत नाहीत, मी परत येतो. रविवारी सकाळी ते मोटार बांधून घेऊन आले आणि विहिरीपाशी उकिडवे बसून जोडायला लागले. गाडी चार्जिंगला होती, दिवा हिरवा.

बायको आंघोळ करून आली. तुळशीला पाणी घातलं, फूल घेतलं, आणि गाडीपाशी जाऊन पदराचं टोक हाताला गुंडाळलं, मग दार उघडलं. असं ती कधीपासून करत होती मला माहीत नाही. मी कधी बघितलंच नव्हतं. फूल ठेवताना पदर सुटला, हात कडीला लागला आणि तिने तो असा मागे घेतला की फूल खाली पडलं.

चाचांनी पक्कड खाली ठेवली. “वहिनी, शॉक लागला?”

“शुगर आहे तिला, चाचा,” मी म्हणालो.

“मी वहिनींना विचारलं.”

ती माझ्याकडे बघायला लागली. मग चाचांकडे वळून म्हणाली, “लागतंय.”

“कधी?”

“सकाळचं. तो दिवा हिरवा असला की.”

“रोज?”

“रोज थोडं थोडं. शनवार-आइतवार लय.”

“पायात चप्पल असली तर?”

“नाय लागत. एकदा घालून बघितली म्या. पन देवाचं हाय ना, परत काढली.”

मला हे काहीच माहीत नव्हतं. एकाच घरात राहून माझ्या बायकोने एकटीने सगळी तपासणी पुरी केली होती आणि निकाल कोणाला सांगायचा ते तिला कळत नव्हतं.

चाचांनी मीटर काढलं आणि चार्जरच्या सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात लावलं. मीटरवर शून्य.

“चांगलंय ना मग,” मी म्हणालो.

“लय चांगलंय. तेच तर.” त्यांनी मीटर माझ्या तोंडापुढे धरलं. “शेठ, न्यूट्रल खांबावरून येतो आणि अर्थ तुमच्या खड्ड्यातून. दोघांच्या वाटा निराळ्या. गाडी एवढा भार खेचतेय, एखाद-दोन व्होल्ट तरी फरक पाहिजे. बरोब्बर शून्य कसा येईल?”

हे मला एका क्षणात कळलं. तुझ्या मालात तूट किती, असं विचारल्यावर ‘शून्य’ म्हणणाऱ्या माणसाचा माल मी कधी उचलत नाही.

“वहिनी, पहार हाय घरात?”

बायकोने पहार आणून दिली. चाचांनी ती विहिरीजवळच्या ओल्या मातीत हातभर ठोकली. मीटरची एक तार पहारीला, दुसरी दाराच्या कडीला. आकडा हलायला लागला. एकतीस. चौतीस. अडतीस. पुन्हा चौतीस.

“हे वर-खाली काय होतंय?” मी विचारलं.

चाचांनी कळंबच्या बाजूला मान केली. “तिकडं सुट्टीची पाव्हणी उठलीत. रिसॉर्ट आन बंगल्यांचे गिझर. तुमचा-त्यांचा ट्रान्सफॉर्मर एकच ना? सगळा भार त्या एका न्यूट्रलवर. न्यूट्रल चढला की तुमची गाडी चढते.”

“शनवार-आइतवार,” बायको म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मेन पाडून चाचांनी सॉकेट खोलला. आत हिरव्या वायरीचा एक तुकडा होता, बोटाएवढा. एक टोक न्यूट्रलच्या स्क्रूला, दुसरं अर्थच्या स्क्रूला. जमिनीकडे जाणारी तार कुठेच नव्हती. चार्जर विचारतो, अर्थ आहे का? तो तुकडा सांगतो, आहे. दिवा हिरवा. साहेबांच्या टेस्टरलाही त्याने तेच सांगितलं. आणि गाडीचा सगळा पत्रा सात महिने अर्थला नव्हे, खांबावरच्या न्यूट्रलला बांधलेला होता. गळती ओळखणारा स्विच चार्जरमध्येही असतो म्हणतात, पण ही जोडणी त्याच्या अलीकडेच केलेली, त्याला काय दिसणार? घराच्या बोर्डातल्याला दिसलं असतं. तो मी बसवू दिला नव्हता.

मी विचारलं, “चाचा, आणि खांबावर न्यूट्रल सुटला तर?”

त्यांनी तुकडा सोडवला, माझ्या हातावर ठेवला. “तर घरातल्या बल्ब-पंख्यांतून परत जाणारी वीज कुठं जाईल? गाडीच्या पत्र्यावर येऊन उभी राहील. पूर्ण दाबाने. आणि जो अनवाणी हात लावेल त्याच्यातून उतरेल.”

“गुरुवारी,” मी म्हणालो.

“गुरुवारी,” ते मोटारीकडे बघत म्हणाले.

गुरुवारी सकाळी सात वाजता गाडी अंगणात नव्हती, कारण एका माणसाने मला ओलं गवत विकलं होतं. त्याला मी वाटेभर शिव्या घालत होतो. आता त्याचं काय करायचं ते मला अजून समजत नाही. तो समोर आला की मी रस्ता बदलतो.

मी कोपऱ्यात गेलो आणि झाकण उचललं. दोन बोटं घातली, वर आलं. खाली विटांचे तुकडे, गुटख्याची एक पुडी आणि हातभर पाइप नुसता खोचलेला. पाटी नाही, कोळसा नाही, मीठ नाही. पाइपाला तारही नाही.

पुढे काय झालं ते मला तुटक तुटक आठवतं. वायरमन एका बंगल्याच्या कामावर सापडला, शिडीवर. मी खालून ओरडलो, “खाली उतर!”

“काय झालं शेठ? कशाला आरडताय?”

मी तो वायरीचा तुकडा त्याच्यापुढे धरला. त्याने ओळखला. शिडीवरून उतरला, हात पुसले.

“तुमच्या भावात झाकण बसत व्हतं शेठ. खड्डा नाय.”

“मग नाही म्हणायचं होतंस!”

“तुमाला नाय म्हणलेलं चालतंय का? तीन दिस माझ्या दारात उभं ऱ्हायला असता.”

“आणि हे? हा तुकडा? माणूस मेलं असतं माझ्या घरात!”

“तुमीच बोल्ला व्हता फोनवर. हिरवा दिवा पायजे, कसा ते सांगू नको. मी नाय सांगितला.”

मी हात उचलला होता. तिथल्या गवंड्याने मधे पडून धरला. वायरमन हलला नाही. मग हळू आवाजात म्हणाला, “तो मशिनवाला येऊन झाकण उघडंल असं वाटलं व्हतं मला. त्यो उघडंल, तुमाला सांगंल, मग तुमी पुरा भाव द्याल. त्याने उघडलाच नाय. मंग मी बी इसरलो.”

इसरलो! मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. पण परत येताना गाडीत, म्हणजे त्याच गाडीत, त्याचं बोलणं डोक्यात फिरत राहिलं. त्याने खोटं काम केलं आणि ते मला खरं म्हणून विकलं. तरी त्याच्या हिशेबात एक जागा होती जिथे कोणीतरी हात आत घालेल आणि चोरी पकडेल. ती जागा त्या सही करणाऱ्याची होती. मी गठ्ठ्यात हात घालतो म्हणून विकणारे मला जपून असतात. त्या साहेबाने हात घातला नाही.

शोरूमला फोन केला. त्यांनी चार्जरवाल्यांचा नंबर दिला. तिथे एक बाई फार गोड बोलली. म्हणाली, “सर, तुमची तक्रार बंद झालेली आहे.” मी म्हटलं, मी तर आत्ता करतोय. ती म्हणाली, बसवणी पूर्ण झाल्याची नोंद आहे, अर्थिंग ही ग्राहकाची जबाबदारी आहे, आणि तपासल्याची सही आहे. मी म्हटलं, सही आहे म्हणूनच फोन केला, त्या सहीवाल्याला पाठवा. तिने मला थांबायला सांगितलं आणि गाणं लावलं. त्या गाण्यावर मी अंगणात किती फेऱ्या मारल्या कोणास ठाऊक. असे चार फोन झाले. चौघी गोड बोलल्या.

मधल्या दिवसांत खड्डा खणला. खरा. मुरूम लागेपर्यंत, माझं डोकं बुडेल एवढा खोल. पाटी, कोळसा, मीठ, सगळं माझ्या डोळ्यांदेखत पडलं आणि प्रत्येक थरावर मी हात फिरवला. ईएलसीबी बसला. चाचांना किंमत विचारली, त्यांनी सांगितली, मी मान डोलावली. ते माझ्याकडे संशयाने बघत राहिले. “तब्येत बरी हाय ना शेठ?” त्यांनी पुन्हा मीटर लावलं. या वेळी दीड आला. शून्य नाही म्हणून मला हायसं वाटलं.

डॉक्टरांकडेही गेलो. या वेळी बोलली ती. मी भिंतीकडे बघत उभा होतो. सगळं ऐकून डॉक्टर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “हे तेव्हा का नाही सांगितलं?” त्यांनी गोळी पहिल्यासारखी केली. आता चक्कर नाही, मुंग्या नाहीत.

त्या दिवशी घरी येऊन मी तो बसवणीचा कागद शोधून काढला आणि बायकोपुढे आपटला. “बघ. ‘अर्थिंग तपासले.’ बघ त्याची सही!”

तिने चष्मा लावला. सावकाश वाचलं. मग बोट खाली नेलं. “आन ही खालची कोनाची?”

ग्राहकाची सही. माझी. न वाचता केलेली.

“त्याने झाकण नाय उघडलं,” ती म्हणाली, “तो तर परका माणूस. मी तर दिवाळी झाल्या झाल्या सांगितलं व्हतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फूल घेऊन गाडीपाशी आली आणि थांबली. दिवा हिरवा होता. मीटर, पाटी, चाचा, सगळं तिने पाहिलं होतं, तरी पाऊल पुढे पडेना.

“आदी तुमी,” ती म्हणाली.

मी बूट काढले. मोजे काढले. तुळशीच्या तांब्यात हात बुडवला आणि ओल्या जमिनीवर उभा राहून कडी धरली. काही झालं नाही. मग तिने माझ्या हाताखालून हात घालून फूल ठेवलं. तेव्हापासून रोज सकाळी आधी मी धरतो, मग ती. खालच्या सहीचं उत्तर मी असं देतोय. ते पुरतं की नाही हे ती ठरवील, आणि तिने अजून काही सांगितलेलं नाही.

वायरमननेही त्याचं उत्तर दिलं, वेडंवाकडं का होईना. खड्डा खणायला तो न बोलावता आला होता, आणि मी त्याला हाकललं नाही.

वरच्या सहीचं उत्तर कोणी दिलेलं नाही. म्हणून हे लिहिलं. साहेब, तुम्ही माझ्याकडे चहा प्यायलात. ज्या बाईने तो दिला तिचा जीव तुमच्या त्या एका ओळीवर टांगलेला होता. गोड बोलणाऱ्या बायका आता मला नकोत. तुम्ही या. माझ्या अंगणात या, बूट काढा, हात ओला करा, ती कडी धरा. मग माझ्या बायकोसमोर उभे राहा आणि तिला सांगा, दोन बोटांनी उचललं जाणारं ते झाकण तुम्ही का उचललं नाहीत?